काळ्या रानातला गादीवाफा

मे महिन्यात टँकरची वाट पाहणारे गाव सप्टेंबरात टोमॅटोच्या सरीतले पाणी बाहेर काढायला धडपडत असते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरमध्ये, यात कुणाला नवल वाटत नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला उतरत नेवासा-शेवगावकडे यावे तर साडेपाचशे-सहाशेवर समाधान मानावे लागते. तोही वाटून पडत नाही. जून-जुलैत भुरभुर, ऑगस्टात उघडीप, आणि मग सप्टेंबरात दोन-तीन दिवसांत सगळी थकबाकी एकदम. त्या दोन-तीन दिवसांत भाजीपाल्याच्या मुळांना तुटवडा पडतो तो हवेचा.

हे हलक्या रानात घडत नाही. पारनेरच्या मुरमाड माळावर पडलेले पाणी तासाभरात दिसेनासे होते. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव या गोदावरी-प्रवरा-मुळेच्या खोऱ्यातल्या भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी उतरायलाच तयार नसते. ही जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चिकणमातीचे, म्हणजे दोन हजारांश मिलिमीटरहून बारीक कणांचे, प्रमाण ४० ते ६० टक्के असते, आणि या कणांतला मोठा वाटा स्मेक्टाइट गटातल्या खनिजाचा. हे खनिज पापुद्र्यांचे बनलेले असते. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते फुगते, पाणी निघून गेले की आकसते. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे पसरले तर त्यांचे पृष्ठफळ सातशे-आठशे चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे रान! पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायची काळ्या जमिनीची ताकद इथून येते, आणि तिचा हट्टीपणाही इथूनच येतो.

उन्हाळ्यात या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून धो-धो खाली जातो आणि पाहणाऱ्याला वाटते, रान किती पाणी पिते. पण माती फुगून भेगा मिटल्या की पुढे पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर येतो, कधी त्याहूनही खाली. म्हणजे तासाभरात २५ मिलिमीटरची एक सर आली, तर तिच्यातले बहुतेक पाणी वरच राहते. उतार असेल तर माती घेऊन वाहून जाते, नसेल तर साचते.

शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत पाणी, आणि दोन्ही मुळांना हवे तेवढे, ही ती अवस्था. काळ्या जमिनीत एकूण पोकळी कमी नसते, निम्मे आकारमान पोकळीचेच असते. पण त्या पोकळ्या अतिबारीक. मोठा पाऊस झाला की त्या पाण्याने भरतात आणि लवकर रिकाम्या होत नाहीत. प्राणवायू हवेतून जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगाने पाण्यातून पसरतो. मुळे आणि जिवाणू मिळून मातीत उरलेला प्राणवायू दिवस-दोन दिवसांत संपवतात, आणि वरून नवा येत नाही. मग मुळांना पाणी आत ओढायची शक्तीच उरत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले टोमॅटोचे झाड तहानल्यासारखे मान टाकते. पाने खाली वळतात, कारण गुदमरलेल्या मुळांकडून वर जाणारा संदेश पानांत इथिलीन वायू तयार करवतो. हे दृश्य फसवे आहे. झाड सुकले म्हणून वरून आणखी पाणी देणारे लोक असतात, आणि झाड त्या पाण्यानेच जाते. याच काळात नत्राचा काही भाग वायू होऊन हवेत निघून जातो आणि मूळकुजीच्या बुरशीला मोकळे रान मिळते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत आणखी एक भानगड होते. पाणी साचले की मातीत बायकार्बोनेट वाढते, मुळांना लोह घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर युरिया टाकणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय.

हे सगळे टाळायचे तर मुळांच्या वरच्या वितीभर थराला तरी वाफसा लवकर यायला हवा. गादीवाफा त्यासाठी असतो. पुस्तिकेत गादीवाफा, काही गावांत बोद, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी नुसता ‘बेड’. त्याची उंची सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. माझ्या मते मात्र काळ्या रानात बेड हा उपपदार्थ आहे. खरी वस्तू म्हणजे दोन बेडांमधली सरी.

हिशेब करून पाहा. ९० सेंटिमीटर रुंदीचा बेड आणि ४५ सेंटिमीटर रुंदीची सरी धरा. सरीतली माती फक्त १० सेंटिमीटर खोल काढून शेजारच्या बेडवर पसरली की बेड ५ सेंटिमीटरने वर येतो. म्हणजे सरीच्या तळापासून बेडचा माथा १५ सेंटिमीटर उंच झाला, आणि बाहेरून मातीची एक पाटीही आणावी लागली नाही. मोकळी केलेली माती फुगते ती वेगळीच. कांद्याची मुळे बहुतेक वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच पसरतात. त्यांना एवढी उंची पुरते. टोमॅटो, मिरचीला २० ते ३० सेंटिमीटर असली तर बरे. मातीचे ट्रॅक्टर मागवून सपाट काळ्या जागेवर ओतले आणि सरी काढलीच नाही, तर पाणी त्या ढिगाच्या बुडाशी साचते आणि खालून मुळे कुजतात. खर्च होतो तो वेगळा.

सरीला तोंड हवे, आणि त्या तोंडाला पुढे वाट हवी. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली. तिच्यात दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटरचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी असे. सरीला उतार ०.४ ते ०.८ टक्के, म्हणजे शंभर मीटरमागे ४० ते ८० सेंटिमीटर. याहून जास्त उतार दिला तर पाणी माती घेऊन पळते, कमी दिला तर जागीच बसते. दहा मीटर लांबीच्या परसबागेत हा फरक फक्त चार ते आठ सेंटिमीटरचा. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून तपासावा.

इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी हे यंत्रावर बसवले, पण कल्पना त्यांच्या आधीची. इथिओपियाच्या उंच पठारावर आपल्यासारखीच काळी, चिकट, भेगाळणारी माती आहे. तिथल्या इनेवारी भागात नांगरट झाल्यावर बायका आणि मुले हातांनी माती उपसून रुंद वरंबे घालत. गुडघ्यात वाकून, चिखलात, एकरच्या एकर. ऐंशीच्या दशकात तिथल्या पशुधन संशोधन केंद्राने दोन देशी नांगर एकत्र जोडून बैलांनी ओढायचे वरंबे पाडणारे अवजार बनवले, ते या कष्टांना उत्तर म्हणून. आपल्याकडे आज ट्रॅक्टरमागचा बेडमेकर तासाभरात जे करतो, त्यामागे कुठल्या तरी बाईची पाठ आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

पाण्याची वाट हा मात्र यंत्राचा प्रश्न नाही, शेजाऱ्याचा आहे. आपल्या सऱ्यांचे पाणी बांधापलीकडे सोडले की भांडण ठरलेले. म्हणून शेताच्या खालच्या अंगाला एक आडवी चारी काढून ती ओढ्याला, विहिरीच्या पुनर्भरणाला किंवा शेततळ्याला जोडलेली बरी. सप्टेंबरात नकोसे झालेले पाणी जानेवारीत मोलाचे असते. या जिल्ह्यात तरी पाणी ‘बाहेर काढणे’ हा शब्दप्रयोग मला अर्धवट वाटतो. ते काढून ठेवायचे असते.

आता वेळेबद्दल. काळ्या रानात काय करावे यापेक्षा कधी करावे हे जास्त महत्त्वाचे. ओल्या रानात पाय घातला की चपलेला दोन किलो माती लागते, कुदळ मारली की माती चकाकते, आणि वाळल्यावर त्या ठिकाणी विटेसारखे ढेकूळ उरते. कोरड्या रानात कुदळ उसळते. दोन्हींच्या मधली खिडकी तीन-चार दिवसांची. ती ओळखायची रीत साधी: वितीभर खोलीची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर आणखी दोन दिवस थांबावे. अंगठ्याने दाबून लांबलचक पट्टी निघत असेल तर घरी जाऊन चहा घ्यावा.

थंड मुलखात चिकणमातीची ढेकळे हिवाळ्यातला बर्फ फोडतो असे तिकडच्या बागकामाच्या पुस्तकांत असते. आपल्याकडे ते काम ऊन करते. रब्बी निघाल्यावर खोल नांगरट करून रान एप्रिल-मेभर तापू द्यायचे. ढेकळे तडकतात, आणि मृगाच्या पहिल्या सरींनी ती आपोआप विरघळून रवाळ होतात. त्यानंतर येणाऱ्या वाफशात बेड पाडले की माती हाताला जोंधळ्याच्या कण्यांसारखी लागते. अलीकडे मात्र घाई असते, आणि घाईचे अवजार म्हणजे रोटाव्हेटर. त्याने मातीचे पीठ होते. दिसायला देखणे, फोटोला छान. पहिल्या जोरदार सरीत ते पीठ चापट बसते, वर पापडी धरते, आणि रोटरची पाती जिथवर पोचली तिथे खाली कडक थर तयार होतो. बेडच्या बुडाशी असा थर असेल तर वरची १५ सेंटिमीटर उंची अर्धी वाया गेली. रोटर मारायचाच तर एकदा, हलका, आणि वाफशावर.

चिकणमाती ‘सुधारण्या’साठी वाळू मिसळा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याचेही गणित करू. एका गुंठ्याचे, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरचे, वरचे १५ सेंटिमीटर म्हणजे १५ घनमीटर माती. तिच्यातली चिकणमाती ५५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणायची तर साधारण साडेबारा घनमीटर, म्हणजे साडेचार ब्रास वाळू लागेल. एका गुंठ्याला! एकराला १८० ब्रास. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पात्रांची वाळूपायी काय अवस्था झाली आहे हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आणि चार पाट्या वाळू टाकून काही होत नाही. कण चिकणमातीत बुडून जातात.

बेडच्या तळाशी मुरूम किंवा खडी अंथरली की निचरा होतो, हाही एक भ्रम. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात तोवर उतरत नाही, जोवर वरची माती पूर्ण संपृक्त होत नाही. बारीक पोकळ्या पाण्याला जितक्या ताकदीने धरून ठेवतात तितकी ओढ खडीच्या मोठ्या पोकळ्यांना नसते. परिणामी ओला थर खाली जाण्याऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी सरीच्या पुढच्या चारीत टाका, बेडखाली नको.

चुन्याचा सल्ला तर आपल्याला लागूच नाही. आम्लधर्मी जमिनीत चुना मातीचे कण बांधतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो आणि मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात. जिप्समचे तसे नाही. ते काही रानांत अचूक काम करते आणि काहींत पैसे मातीत जातात. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटला असेल, तर जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि कण पुन्हा एकत्र येतात. पण जिथे कॅल्शियम भरपूर आहे तिथे आणखी टाकून काय मिळणार? फरक ओळखायला घरचीच एक चाचणी आहे. वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात हळूच सोडावा आणि न हलवता दिवसभर ठेवावा. खडा ढासळला पण पाणी नितळ राहिले तर जमीन चोपण नाही. खड्याभोवती दुधासारखा गढूळपणा पसरत गेला तर सोडियमचा संशय घ्यावा. बोअरचे पाणी या चाचणीला चालत नाही, त्यातले क्षार गढूळपणा दाबून टाकतात. नंतर मातीचा नमुना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावा आणि मगच जिप्समची पोती उचलावीत.

काळ्या मातीला खरी मऊ करणारी गोष्ट एकच, आणि ती जुनीच आहे: सेंद्रिय पदार्थ. आपल्या रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पुष्कळदा त्याच्याही खाली. भाजीपाल्याला हेक्टरी २० टन शेणखताची शिफारस असते. परसबागेच्या भाषेत चौरस मीटरला दोन किलो. बेडचा फायदा हा की ते सगळ्या रानावर पसरावे लागत नाही, जिथे मुळे आहेत तिथेच टाकता येते. या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळी आणि उसाचे पाचट दोन्ही हाताशी आहेत. मळी ताजी टाकू नये, ती कुजताना तापते. कुजवून मग वापरावी. पाचट तर अजूनही कित्येक ठिकाणी पेटवून दिले जाते. तेच बेडवर तीन-चार बोटे जाड अंथरले तर उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटायची थांबतात. भर पावसात मात्र ते थोडे बाजूला सारावे, नाहीतर शंखी गोगलगायींची सोय होते.

बेड एकदा घातले की दरवर्षी मोडायची गरज नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रूढ केलेल्या सगुणा तंत्रात गादीवाफे कायमचे असतात आणि पिकाची मुळे जमिनीतच सोडतात. ती मुळे कुजून ज्या नळ्या उरतात, त्यांतून हवा आणि पाणी खेळते. भारी जमिनीला हे तत्त्व चांगले मानवते. त्या तंत्रातल्या तणनाशकाच्या वापराबद्दल माझे मत वेगळे आहे; घरच्या चार बेडांना खुरपे पुरते.

नगर जिल्ह्यात बेडची खरी परीक्षा घेते ते खरिपाचे कांद्याचे पीक. जुलै-ऑगस्टमध्ये लागण, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी. म्हणजे कांदा पोसायच्या वेळी नेमका मोठा पाऊस. राहुरी विद्यापीठाने खरिपासाठी ‘बसवंत ७८०’ आणि ‘फुले समर्थ’ हे वाण दिले. पण वाण कितीही चांगला असला तरी सपाट वाफ्यात पाणी तुंबले की पीळ आणि करपा हे रोग त्याला सोडत नाहीत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस रुंद गादीवाफ्याची आहे: माथा १२० सेंटिमीटर, उंची १५, सरी ४५, आणि ओळींत १५ व रोपांत १० सेंटिमीटर अंतर. एका बेडवर ठिबकच्या दोन नळ्या. भारी मातीत ठिबकचे पाणी खाली जाण्यापेक्षा आडवे जास्त पसरते, त्यामुळे वाळूच्या जमिनीइतके तोट्यांचे जाळे दाट करावे लागत नाही.

रोपवाटिकेत तर गादीवाफ्याला पर्यायच नाही. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब, १५ सेंटिमीटर उंच हे माप वर्षानुवर्षे चालत आले आहे. रुंदी एक मीटरच का, तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. पावसाळ्यात रोपे जमिनीलगत गळून आडवी पडतात ती पिथियमसारख्या बुरशीने, आणि तिला लागते साचलेले पाणी. औषधाच्या आळवणीआधी वाफ्याच्या कडेची सरी मोकळी आहे का, हे पाहिले तर बऱ्याचदा औषध लागत नाही.

इथवर बेड हा गुणीच वाटला असेल. त्याचा एक अवगुण कालव्याच्या पट्ट्यात नीट कळतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही तीरांवरच्या कोरडवाहू काळ्या जमिनींना बारमाही पाणी मिळू लागले. ऊस आला, पैसा आला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण पाणी आत घेणाऱ्या कालव्यांबरोबर ते बाहेर नेणाऱ्या चाऱ्या तेवढ्या झाल्या नाहीत. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि कालव्याखालची काही उत्तम रानेच पाणथळ आणि खारवट झाली. हे काही नंतर सुचलेले शहाणपण नाही. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी प्रवरा आणि नीरा उजव्या कालव्यांखालच्या जमिनींचे सर्वेक्षण करून त्यांचे वर्गीकरण १९३८ साली प्रसिद्ध केले होते. वरून सारख्या दिसणाऱ्या काळ्या मातीच्या पोटात निचऱ्याचे किती वेगवेगळे प्रकार दडलेले असतात, हे त्या काळीच माहीत झाले होते.

खारवट रानात किंवा मचूळ विहिरीच्या पाण्यावर बेड केला तर काय होते? सरीतले पाणी केशाकर्षणाने बेडमध्ये चढते, माथ्याकडे सरकते, आणि तिथून वाफ होऊन उडते. क्षार उडत नाहीत. ते मागे राहतात, नेमके बेडच्या मध्यावर, माथ्याशी. पांढरट पापडी दिसते ती हीच. आणि आपण रोप लावतो तेही नेमके मध्यावर! दोन्ही सऱ्यांना पाणी देत असाल तर रोपे माथ्याच्या दोन कडांना, खांद्यांवर लावावीत आणि मधली पट्टी रिकामी सोडावी. एकच ओळ हवी असेल तर एकाआड एक सरी भिजवावी आणि रोप ओल्या सरीच्या बाजूला ठेवावे. क्षार पलीकडे ढकलले जातात. ठिबकमध्ये क्षार ओल्या गोलाच्या बाहेरच्या कडेला जमतात. तोवर ठीक, पण कोरड्या काळानंतर हलकी पावसाची सर आली की ते परत मुळांकडे ढकलले जातात. त्यामुळे अशा पहिल्या सरीच्या वेळी ठिबक बंद करायचे नसते, चालू ठेवायचे असते. ‘पाऊस येतोय आणि याने मोटार लावलीय’ असे शेजारी म्हणतील. म्हणू द्या.

पीक निवडतानाही क्षारांचा विचार लागतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला एक डेसिसायमनच्या पुढे गेली की घेवडा आणि गाजर यांचे उत्पादन घटू लागते, कांद्याचे १.२ नंतर. टोमॅटो अडीचपर्यंत तग धरतो, पालक दोनपर्यंत, आणि बीट चारपर्यंत. म्हणजे पापडी धरणाऱ्या रानात घेवड्याचा आग्रह धरण्यापेक्षा बीट आणि पालक लावून पाहावा. गाजराची आणखीही एक अडचण आहे. भारी मातीत मूळ सरळ खाली जाऊ शकले नाही की त्याला फाटे फुटतात. त्यासाठी बेड ३० सेंटिमीटर उंच आणि कुजलेल्या खताने भुसभुशीत केलेला हवा.

घराभोवती परसबाग करणाऱ्यांनी काठाचाही विचार करावा. श्रीरामपूर किंवा शेवगावच्या काळ्या प्लॉटवर वीट-सिमेंटचा पक्का कट्टा बांधून त्यात माती भरली तर दोन पावसाळ्यांत कट्ट्याला तडे जातात. ज्या मातीने कंपाऊंडच्या भिंती उचलल्या तिला चार विटांचे काय! लाकडी चौकट वाळवी खाते. शेतातले दगड कोरडे, सिमेंटशिवाय रचले की जमिनीबरोबर तेही थोडे हलतात, फुटत नाहीत, आणि फटींतून पाणी निघून जाते. काठच नसला तरी चालते. फक्त कडा थापून तिरक्या कराव्यात आणि त्यांवर कोथिंबीर, मेथी पेरावी. मुळे कडा धरून ठेवतात आणि भाजीही मिळते.

राहिला प्रश्न वर्षभर बेड ठेवावा का याचा. उंचावलेली माती लवकर निथळते, तशी लवकर वाळतेही. तिला वर आणि दोन्ही बाजूंनी वारा लागतो. पावसाळ्यात ज्यासाठी बेड घातला तेच मार्चमध्ये अंगावर येते. साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात ही किरकोळ गोष्ट नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागातले झुनी लोक याच्या नेमके उलटे करत: मातीचे बांध घालून मधला भाग खाली ठेवत आणि त्या खोलगट चौकटींत पाणी देत. आपल्या जुन्या माणसांनी उन्हाळ कांदा आणि रब्बीची पालेभाजी सपाट वाफ्यात घेतली, ती काही अज्ञानाने नव्हे. दारे धरून पाणी दिले की वाफा भरतो, आणि वरून पाऊस पडणार नसल्याने वाफसा आपल्या हातात असतो.

ठिबक आणि पाचटाचे आच्छादन असेल तर बेड रब्बीतही ठेवता येतो, फक्त उंची कमी केलेली बरी. नसेल, तर हंगाम बदलला की जागा बदलावी: माथ्यावर खरिपाची मिरची-टोमॅटो, आणि पाऊस संपल्यावर सरीच्या तळाशी, जिथे गाळ आणि ओल दोन्ही साठलेले असतात तिथे, मेथी, पालक, मुळा. डिसेंबरात ती सरी रुंद करून तिचाच सपाट वाफा करता येतो. मे महिन्यात रान तापले की पुन्हा तिची सरी करायची, चारीतला गाळ उपसून बेडवर टाकायचा, आणि खालच्या टोकाशी पाण्याची वाट मोकळी आहे ना, हे पहिल्या पावसाआधी एक बादली पाणी ओतून पाहून घ्यायचे.